‘तो कधी चिडेल, सांगता येत नाही’

“मॅडम, आमच्या घरात सगळेजण आधी त्याचा चेहरा बघतात आणि मगच तोंड उघडतात,” असे म्हणून त्या आईने बोलायला सुरुवात केली. मुलगा नऊ वर्षांचा आणि त्याच्या पाठीवर पाच वर्षांची बहीण. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हसत-खेळत असलेला हा मुलगा क्षुल्लक कारणावरून किंचाळू लागतो, हाताला लागेल ते फेकतो, आईला ढकलतो आणि अर्ध्या तासाने काही झालेच नाही अशा रीतीने तिला बिलगून बसतो, असे आईवडील दोघांचे सांगणे होते. शाळेतून मात्र आजवर एकही तक्रार आलेली नव्हती, आणि आईला तेच अधिक लागले होते. वडिलांनी इतका वेळ मनात दाबून ठेवलेला प्रश्न शेवटी विचारला, “याला बायपोलर तर नसेल ना?”

समुपदेशक म्हणून ही भीती मी वरचेवर ऐकते, म्हणून तिच्याविषयी आधी लिहिते. बायपोलर आजारात मनःस्थिती उन्माद (अतिउत्साह) आणि नैराश्य या दोन टोकांना जाते. त्यातील उन्मादाची अवस्था मिनिटांची नसते. ती साधारण आठवडाभर किंवा त्याहून अधिक टिकते, सौम्य प्रकारातही किमान चार दिवस असते, आणि त्या काळात झोप फारच कमी होऊनही माणसाला थकवा जाणवत नाही. वीस मिनिटांत पेटून विझणारा राग हा वेगळा प्रकार आहे. सतत चिडचिड आणि वारंवार उद्रेक असणाऱ्या मुलांवर बायपोलरचा शिक्का सरसकट बसू लागल्यामुळे 2013 साली डीएसएमच्या, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी नियमपुस्तिकेच्या, पाचव्या आवृत्तीत ‘डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर’ हे स्वतंत्र निदान आले. त्याच्या अटी कडक आहेत: आठवड्यातून सरासरी तीन किंवा अधिक उद्रेक, तेही किमान बारा महिने आणि एकापेक्षा अधिक ठिकाणी, शिवाय दोन उद्रेकांच्या मधल्या काळातही बहुतेक दिवसभर चिडचिडेपणा. या मुलाचे उद्रेक घरापुरतेच होते आणि मधल्या वेळी तो आनंदी असे. निदान करणे हे माझे काम नाही, त्यामुळे मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे आणि बालमनोविकारतज्ज्ञांकडे एकदा जाऊन येण्यास सांगितले. ऐकू कमी येणे, घोरण्यामुळे झोप मोडणे, वाचनात अडचण असणे, अशा गोष्टीही रागाच्या रूपाने बाहेर पडू शकतात. तपासणीत तसे काही निघाले नाही.

दरम्यान त्यांना एक वही घालायला सांगितली. प्रत्येक उद्रेकाची वेळ, त्याच्या आधी घडलेली गोष्ट, मुलाने केलेली कृती आणि नंतर आपण काय केले, एवढेच तीन आठवडे लिहायचे होते. माझा स्वतःचा अंदाज होता की मूळ मोबाइलमध्ये सापडेल. तो चुकला. चौदा नोंदींपैकी नऊ शाळेतून आल्यानंतरच्या तासाभरातल्या होत्या, आणि उरलेल्या बहुतेक वेळी चालू असलेले काम मध्येच थांबवावे लागले होते किंवा ठरलेला बेत ऐनवेळी बदलला होता. मुलाशी बोलल्यावर कळले की वर्गात चूक होईल या धास्तीने तो दिवसभर स्वतःला आवळून धरतो. घरी दार उघडताच प्रश्न सुरू होत: किती गुण मिळाले, गृहपाठ काय आहे, दप्तर असे का टाकलेस. बाहेर शहाण्यासारखे वागणारे मूल घरी फुटते, याचा अर्थ ते आईवडिलांना जुमानत नाही असा नसतो. फुटले तरी चालेल अशी त्याला तीच एक जागा वाटत असते.

वहीतला शेवटचा रकाना मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितला. तीच मागणी एका दिवशी हसण्यावारी नेली होती, दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी धपाटा मिळाला होता आणि तिसऱ्या दिवशी, पाहुणे असल्यामुळे, ती निमूटपणे पुरवली होती. वडील थोडे चिडूनच म्हणाले, “म्हणजे दोष आमचाच?” मी नाही म्हटले, आणि ते समजूत घालण्यासाठी नव्हते. काही मुले उपजतच लवकर पेटतात आणि उशिरा शांत होतात. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. पण ओरडल्यावर कधीतरी मागणी पुरी होते एवढे कळले, की मूल प्रत्येक वेळी ओरडून पाहते. आज काय होईल याचा अंदाज त्या घरात मुलालाही येत नव्हता.

बदल मोजकेच ठरवले. घरी आल्यावर अर्धा तास कोणीही काहीही विचारायचे नाही. काम थांबवायचे असेल तर दहा मिनिटे आधी सांगायचे. उद्रेक सुरू झाला की समजावणे बंद, कारण त्या क्षणी उपदेश कानापर्यंत पोहोचतच नाही. फेकता येण्याजोग्या वस्तू दूर करायच्या, बहिणीला दुसऱ्या खोलीत न्यायचे आणि जवळ शांत उभे राहायचे. एकदा नाकारलेली गोष्ट ओरडण्यामुळे द्यायची नाही. बोलणे पूर्ण शांत झाल्यावर, तेही थोडक्यात. माफी वदवून घेणे मी बंद करायला लावले. आजीला ते अजिबात पटले नाही.

सुरुवातीला त्रास वाढेल, हे मी आधीच सांगून ठेवले होते. जुना उपाय चालेनासा झाला की मूल तो अधिक जोरात वापरून पाहते. दुसऱ्या आठवड्यात एक उद्रेक पाऊण तास चालला आणि वडिलांनी हार मानली. पुढच्या भेटीत त्यांनी ते स्वतःहून सांगितले. उद्रेकात स्वतःला इजा करण्याची किंवा मरणाची भाषा आली, कोणाला खरोखर लागू लागले किंवा शाळेतही हेच सुरू झाले, तर माझ्या पुढच्या भेटीची वाट न पाहता पुन्हा मनोविकारतज्ज्ञांकडे जायचे, हेही ठरले होते. तशी वेळ आली नाही. चार महिन्यांनी उद्रेक आठवड्याला एकावर आले. ते थांबलेले नाहीत, पण मुलगा आता कधीकधी “आत्ता नको, नंतर बोलू” असे म्हणून आपल्या खोलीत जातो, आणि आई त्याच्या मागे जात नाही.

अलीकडच्या भेटीत आईने जाता जाता सांगितले, “धाकटीचा काहीच त्रास नसतो हो, ती कधी काही मागतच नाही.” मी त्यांना पुन्हा खुर्चीवर बसायला सांगितले. पुढची भेट धाकटीसाठी ठरली आहे.