विष खाली नाही, आडवं जातं

प्रश्न : आम्ही अलीकडे घेतलेल्या शेतात पूर्वी बरीच वर्षं डीडीटी हे कीटकनाशक मारायचे, असं शेजारी सांगतात. इतक्या पावसाळ्यांत ते धुऊन गेलं असेल ना? की विहिरीत उतरलं असेल?

उत्तर : विहिरीची चिंता तुम्ही जरा जास्तच करताय आणि शेताच्या सखल कोपऱ्याची अजिबात नाही! धुऊन जायला औषध आधी पाण्यात विरघळायला हवं. लिटरभर पाण्यात डीडीटी मिलिग्रॅमच्या काही हजारांशाइतकंच विरघळतं. तेलाच्या डागावर नुसतं पाणी ओतावं, तसे हे पावसाळे. सेंद्रिय कर्बाला आणि बारीक मातीच्या कणांना ते घट्ट धरून बसतं, म्हणून नांगरटीच्या थरातच राहतं. तिथून हलतं ते मुख्यतः मातीसोबत. उतारावरून गढूळ पाणी वाहिलं की बारीक कण आधी निघतात आणि नेमका औषधाचा उरलेला अंश त्यांच्यावरच जास्त असतो. म्हणून बांधाच्या आतल्या बाजूला साचलेला गाळ बघा. थोडा भाग वाफ होऊन हवेतही जातो.

सगळीच औषधं अशी नसतात, हेही सांगतो. ॲट्राझिन हे तणनाशक मातीला इतकं चिकटत नाही, त्यामुळे ते खरोखर भूजलात उतरतं. ते वापरलं असतं तर मीच तुम्हाला विहीर तपासा म्हटलं असतं.

डीडीटीचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं औषध नाहीसं व्हायला लागणारा काळ, पुस्तकांत 2 ते 15 वर्षं दिलेलं असतं. माझा या आकड्यावर फार जीव नाही. सुरुवातीला अंश भराभर घटतो; उरलेला कणांच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो, तिथे जिवाणूंचा हात पोचत नाही. शिवाय डीडीटी ‘गेलं’ म्हणजे बरेचदा त्याचं विघटन होऊन डीडीई हा दुसरा पदार्थ झालेला असतो आणि तो आणखी चिवट. क्लोरडेकोन हे कीटकनाशक तर याहून हट्टी : कॅरिबियनमधल्या मार्टिनिक आणि ग्वादलूप बेटांवरच्या केळीबागांत 1993 मध्ये त्याचा वापर थांबला, तरी तिथल्या जमिनीत ते अजून आहे.

पिकांपैकी झुकिनी ही भोपळ्याच्या कुळातली भाजी डीडीई मुळांतून वर ओढते. बहुतेक पिकांना ते फारसं जमत नाही. गाजराच्या बाबतीत अंश सालीत जास्त सापडतो.

माती तपासायला देताना प्रयोगशाळेला डीडीईसुद्धा मोजायला सांगा. उंचवट्याचा आणि सखल भागाचा नमुना वेगवेगळा द्या; दोन्ही एकत्र कालवलेत तर सखल भागातला जास्तीचा अंश सरासरीत लपेल.