परदेशी विद्यापीठात सुरुवातीला छान वाटलं, आता परत जावंसं वाटतंय. माझंच काही चुकतंय का?
नाही हो. हे इतकं नेहमीचं आहे की त्याचा आलेखच आहे. 1955 साली समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या 200 नॉर्वेजियन अभ्यासकांचा अनुभव तपासला: पहिले सहा महिने बरे, सहा ते अठरा जड, मग सावरणं. (सगळ्यांचं असंच होतं असं नाही, काहींना पहिले दिवसच सर्वांत अवघड जातात.)

माझ्या मते खरी दमछाक भाषेपेक्षा न सांगितलेल्या नियमांनी होते. वर्गात चर्चा चालू असते, तुम्ही समोरच्याचं संपायची वाट बघता, तेवढ्यात तिसराच मध्ये बोलून मोकळा होतो. तुमचं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय बदललेला! घरी जी आदब, ती इथे ‘अभ्यास केलेला दिसत नाही’ ठरते. त्यामुळे एक प्रश्न कागदावर लिहूनच न्या आणि पहिल्या पाच मिनिटांत विचारून टाका. पुढचं सोपं जातं.

आपल्या भाषेतले मित्र हवेतच, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. मात्र झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेलीच राहिली, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. परीक्षा संपायची वाट बघू नका.