पाटीवरची पदवी आधी वाचा

प्रश्न : मुलगी 21 वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सहा महिन्यांपासून दिवसातून तीस-चाळीस वेळा हात धुते, कडी पुन्हा पुन्हा बघून येते. दर वेळी मला विचारते, "आई, स्वच्छ झाले ना गं?" शेजारच्या काकू म्हणतात समुपदेशकाकडे न्या, आमचे डॉक्टर म्हणतात मानसोपचारतज्ज्ञाकडे. कुठे जावं? (एक आई, सातारा)

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचं ऐका. वर्णनावरून हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी वाटतो : नको असलेला विचार मनात सतत येतो आणि त्याच्या धास्तीने तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते, असा आजार. निदान अर्थात मुलीशी बोलून, तपासूनच होईल.

घोळ 'मानसोपचारतज्ज्ञ' या शब्दातच आहे. सायकिअ‍ॅट्रिस्टलाही आपण तेच म्हणतो आणि सायकॉलॉजिस्टलाही. म्हणून पाटीवर नावाखालची ओळ वाचा. एमबीबीएसनंतर एम.डी. सायकिअ‍ॅट्री, डीएनबी किंवा डीपीएम असेल, तर ते मनाचे डॉक्टर. निदान करणं, औषध लिहिणं, गरज पडली तर दाखल करून घेणं हे त्यांचं काम. त्यांच्या चिठ्ठीवर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे वेगळे. त्यांची पदवी बहुधा एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी असते आणि नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे. चाचण्या आणि थेरपी त्यांच्याकडे होतात, औषध मिळत नाही. नुसत्या 'डॉ.'वर जाऊ नका, ते पीएच.डी.लाही लागतं.

तुमच्या मुलीला बहुधा दोघंही लागतील, आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट. जाण्यापूर्वी आठवडाभर वहीत लिहा : किती वेळा धुतले, किती मिनिटं गेली, न धुतल्यास काय होईल अशी भीती वाटते. या एका पानाने पहिल्या भेटीतला बराच वेळ वाचतो.

औषध सुरू झालं तर ते बहुधा एसएसआरआय गटातलं, म्हणजे नैराश्यातही देतात त्यांपैकी असेल. मंत्रचळात डोस नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो आणि खरा फरक कळायला 8 ते 12 आठवडे जातात. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा जाणवतो, गुण काही दिसत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात घरचेच गोळ्या बंद करतात. तसं करू नका. वय 25च्या आत असल्याने पहिले काही आठवडे तिच्याकडे जास्त लक्ष ठेवा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बोलून दाखवला तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठा.

थेरपीत 'ईआरपी' मागून घ्या, म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, अशी पद्धत (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन). भीतीची यादी करून प्रत्येक गोष्टीला 0 ते 100 गुण देतात. मग 30-40 गुणांच्या गोष्टीपासून सुरुवात : दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. घालमेल वाढते, पण धुतल्याशिवायही ती सोसता येते, हळूहळू उतरते, हे तिला स्वतः अनुभवू द्यायचं. समुपदेशनात इथेच गाडी अडते. "काही होणार नाही, घाबरू नकोस" असा धीर दर आठवड्याला मिळाला की तो धीर मागणं हाच नवा चळ होतो. घरातही हेच चाललंय. तुमचं "हो गं, झाले स्वच्छ" तिला दहा मिनिटं पुरतं. पण ते उत्तर एकदम तोडू नका. कधी आणि कसं कमी करायचं ते थेरपिस्टसमोर तिघांनी ठरवा.

प्रश्न : मग समुपदेशकाकडे जाऊच नये का? (वाचक, नाशिक)

उत्तर : जावं की. परीक्षेचा ताण, नवरा-बायकोचे वाद, जवळचं माणूस गेल्याचं दुःख, यांत चांगला समुपदेशक फार उपयोगी पडतो. मात्र मानसशास्त्र किंवा समुपदेशनात एम.ए. केलेलेही समुपदेशक आणि तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलेही समुपदेशकच, म्हणून विचारायला लाजू नका : शिक्षण काय, आणि केस हाताबाहेरची वाटली तर कोणत्या डॉक्टरांकडे पाठवता? दुसऱ्या प्रश्नाला जो नाव सांगू शकत नाही, तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका.

प्रश्न : आमच्या तालुक्यात यातलं कुणीच नाही. (वाचक, गडचिरोली)

उत्तर : जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाच्या ओपीडीचे वार विचारून घ्या. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लावा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटल्यास पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. माणूस स्वतःला इजा करण्याच्या बेतात असेल, तर फोनवर वेळ न घालवता जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि त्याला एकटं सोडू नका.