ढोलीबाहेरचा बाप

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

धनेश पक्ष्याच्या ढोलीचा पत्ता लागला, मार्चमध्ये दोडामार्गला जातेय, असं तू कळवलंस. वाचून आनंद झाला, पण जरा धाकधूकही वाटली. फोनवर घाईत बोलून भागणार नाही, म्हणून निवांत लिहितोय.

तू ज्याला बघायला निघाली आहेस तो बाप आहे, आणि त्याच्यासाठी हे वर्षातले सगळ्यात ओढाताणीचे दिवस आहेत. थंडी ओसरता ओसरता मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते. स्वतःची विष्ठा आणि फळांचा गर लिंपून ढोलीचं तोंड आतून बुजवत आणते. उरते ती चोच जेमतेम बाहेर निघेल एवढी उभी फट. आत बसल्यावर ती पंखांची पिसं गाळते, म्हणजे उडायचीही सोय राहत नाही. महाधनेश या धनेशाच्या मोठ्या जातीची अंडी उबायलाच 38 ते 40 दिवस लागतात. पिल्लू बाहेर पडेपर्यंत सारा मिळून साधारण चार महिन्यांचा मामला. या काळात बायकोच्या आणि पुढे पिल्लाच्या पोटात जे काही जाईल, ते नराने आणलं तरच. महाधनेशाची मादी निदान पिल्लू जरा मोठं झाल्यावर बाहेर येते आणि हातभार लावते. पिल्लू मग आतून फट पुन्हा लिंपून घेतं. कवड्या धनेश या दुसऱ्या जातीची मादी मात्र पिल्लं उडायला येईपर्यंत आतच असते. तिथे सगळी भिस्त एकट्या बापावर. त्याला काही झालं तर आतली सगळीच उपाशी.

तो येईल तेव्हा आधी पंखांचा आवाज ऐकू येईल. लगेच कॅमेरा उचलू नकोस. तो सरळ ढोलीवर येत नाही. शेजारच्या झाडावर बसून मान वळवून वळवून सगळीकडे बघतो. खात्री पटली की मग खोडाला बिलगतो, शेपटीचा टेकू घेतो. गळ्याला एक हिसका बसतो आणि चोचीच्या टोकावर एक उंबर येतं. ते हलकेच फटीत द्यायचं, पुन्हा हिसका, पुन्हा एक उंबर. एवढी अवजड चोच, पण फळ किती अलगद धरलेलं असतं ते दुर्बिणीतून नीट बघ. पिल्लू झाल्यावर फळांसोबत सरडे, किडे, कधी दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लंही येऊ लागतात. ते बघून नाराज होऊ नकोस, वाढत्या जिवाला तेही लागतं.

याला प्रेम म्हणावं का, असं तू विचारलंस. मी म्हणतो, खुशाल म्हण. मात्र ते सगळ्याच बापांत शोधू नकोस. बहुतेक सस्तन प्राण्यांत नर पिल्लांकडे फिरकतही नाही, त्यावरून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कमळपक्ष्यांचं तर उलटंच. मादी अंडी घालून दुसरा जोडीदार गाठते आणि उबवण्यापासून पिल्लं सांभाळण्यापर्यंत सारं नरावर पडतं. कांस्यपंखी कमळपक्ष्याचा नर संकटाची चाहूल लागली की पिल्लांना पंखांखाली उचलून चालू लागतो, आणि त्याच्या कुशीतून पिल्लांचे लांबलचक पाय लोंबताना दिसतात. पावसाळ्यात एखाद्या तळ्यावर जमलं तर जरूर बघ.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तू झाडाजवळ दिसलीस तर तो ढोलीवर येणार नाही. लांब बसून राहील, चकरा मारेल, कदाचित गळ्यातली फळं घेऊन तसाच परत जाईल. आपल्याला एक फोटो कमी मिळतो, आतल्यांचं एक जेवण चुकतं. म्हणून ढोली दुर्बिणीतून कशीबशी दिसेल इतकं लांब बस. उजाडण्याआधी जागेवर पोच आणि तो भरवून गेल्याशिवाय हलू नकोस. कपडे मातकट घाल. ड्रोन नको, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणं तर मुळीच नको. जाण्याआधी वनखात्याला आणि जागेच्या मालकाला विचार. आणि फोटो कुठेही टाकताना गावाचं नाव लिहू नकोस. धनेश वर्षानुवर्षं त्याच ढोलीत परत येतात. पत्ता एकदा फुटला की पुढच्या कितीतरी विणी धोक्यात येतात.

जागामालकाशी मात्र जीव लावून बोल. तुझ्या भागातलं बरंचसं जंगल खासगी आहे. लाकडासाठी, रबराच्या लागवडीसाठी जुनी झाडं तुटतात, आणि धनेशाला लागते तेवढी ढोली नव्या झाडाला नसते. एखादा म्हातारा बेहडा देवराईत असला म्हणून वाचतो, बाकीच्यांना मालकाचाच आधार. अरुणाचलात पक्के नावाच्या जंगलालगत न्यिशी जमातीचे गावकरी आज धनेशाच्या ढोल्यांची राखण करतात. तिथे पूर्वी याच पक्ष्याची शिकार होत असे, डोक्यावरच्या पारंपरिक टोपीत त्याची चोच मिरवत. आता फायबरची चोच लावतात. माणसं बदलतात, मी हे फार मनापासून मानतो. तुझ्या त्या मालकाला एकदा दुर्बीण दे आणि बाप पिल्लाला कसा भरवतो ते बघू दे.

वहीत रोज तारीख, नर आल्याची वेळ, काय आणलं आणि किती वेळ थांबला, एवढं लिही. मनात आलेलं वाटेल तेवढं लिही, पण या नोंदी झाल्यावर. नर ओळखायचा तो लाल डोळ्यावरून. त्याने काय आणलं ते वरून दिसलं नाही तर नंतर खाली सापडतं. आतल्यांनी फटीतून टाकलेल्या बिया झाडाच्या बुंध्याशी साचतात, काही रुजलेल्याही असतात. कवड्या धनेशाच्या ढोलीखाली काजऱ्याच्या चपट्या, बटणासारख्या बिया मिळतील. त्या विषारी असतात, हाताळल्यावर हात धू. बिया वेचायच्या त्या तो भरवून लांब गेल्यावरच, आणि चटकन बाहेर यायचं.

नाव कळलं नाही त्या बिया वाळव, तारीख घालून कागदात बांधून ठेव. पावसाच्या आधी मी तिकडे येतोय, तेव्हा दोघं बसून ओळखू.

तुझा,
काका