वाड्याची ओल आणि चौकातला कोबा

प्रश्न : वाईला आमचा पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. माजघराच्या विटामातीच्या भिंतींना कमरेपर्यंत ओल येते. काही वर्षांपूर्वी तिथे सिमेंटचा गिलावा केला, चौकातली फरशी काढून कोबा (सिमेंटचा सलग थर) घातला. आता गिलावा फुगून पडतोय. कंत्राटदार म्हणतो, खरवडून वॉटरप्रूफिंग करा, नाहीतर पाडून आरसीसी बांधा. मुलगी म्हणते, पाडलंत तर पर्यावरणाचं नुकसान. काय करावं?

उत्तर : गिलावा खरवडायचाच, पण वॉटरप्रूफिंग अजिबात नको. जोत्यातून चढलेल्या पाण्याला सिमेंटमुळे बाहेर पडायला वाट उरत नाही, म्हणून ते आणखी वर सरकतं. सोबत आलेले क्षार आत साठतात आणि गिलावा फुगवतात.

मला खरा संशय तुमच्या कोब्याचा आहे. पागोळ्यांचं पाणी पूर्वी फरशीच्या सांध्यांत थोडंफार मुरायचं, आता ते सगळं वाहतं. चांगला पाऊस लागला की छत्री घेऊन चौकात उभे राहा आणि ते कुठे जातं ते बघा. भिंतीकडे जात असेल, तर भिंतीलगतचा हातभर कोबा फोडा आणि उतार मोरीकडे काढून घ्या. मग एक उन्हाळा भिंत उघडी सुकू द्या. ओल्या भिंतीवर घाईने केलेला चुन्याचा गिलावाही पडतो, आणि बोल चुन्याला लागतो!

त्यानंतर कळीचा चुना भिजवून महिनाभर पाण्याखाली मुरू द्यायचा आणि त्यात वाळू, सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) घालायची. चुन्यात गूळ-हिरडा घालण्याचं कौतुक ऐकाल. पण माल नीट घोटलेला नसेल तर गूळ काही करत नाही. गवंडी ठरवण्याआधी त्याचं दोन पावसाळे काढलेलं काम बघून या.

मुलीचं म्हणणं बरोबर आहे. सिमेंटची भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, चुन्याची ९०० च्या आसपास. शिवाय घट्ट होताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड बराचसा परत घेतो. जळणाचा धूर मात्र परत येत नाही, त्यामुळे चुना म्हणजे पुण्यकर्म समजू नका. मोठी बचत न पाडण्यात आहे. तुमच्या तुळया, विटा, जोत्याचे दगड आयते उभे आहेत. आरसीसीला सिमेंट आणि सळया नव्याने लागणार, आणि साध्या सिमेंटच्या एका टनामागे पाऊण टनाहून जास्त कार्बन डायऑक्साईड हवेत जातो.

भिंत उघडी असेल तेव्हाच लाकडी खांबांचे बुंधे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. सुतार अख्खा खांब बदलू म्हणेल. वरचं लाकूड टणक असेल तर त्याला टेकू देऊन फक्त बुंधा सांधायला सांगा.