जॉन गुडइनफ तर भौतिकशास्त्रज्ञ होते, मग लिथियम बॅटरीत त्यांनी नेमकं काय केलं?

बॅटरी म्हणजे रसायनशास्त्र, मग भौतिकशास्त्रात पीएचडी केलेल्या माणसाला 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल कसं, असा तुमचा प्रश्न आहे. मी कॅथोडच्या, म्हणजे बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडच्या, पदार्थांवरच संशोधन करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

शिकागोहून पीएचडी झाल्यावर गुडइनफ एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत संगणकाच्या मेमरीसाठी लागणाऱ्या चुंबकीय ऑक्साइडांवर कित्येक वर्षं काम करत होते. धातूचे इलेक्ट्रॉन शेजारच्या ऑक्सिजनच्या संगतीत कसे वागतात, कुठल्या ऊर्जापातळीवर असतात, हा त्यांचा खरा अभ्यासविषय. 1976 मध्ये ऑक्सफर्डला जाताना हीच शिदोरी त्यांच्याबरोबर होती.

त्याआधी एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या (टायटॅनियम आणि गंधकाच्या संयुगाच्या) थरांत लिथियम आत-बाहेर करून दाखवलं होतं, पण व्होल्टेज अडीचच्या आसपासच राहत होतं. व्होल्टेज ठरतं ते दोन्ही इलेक्ट्रोडांमधल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतल्या फरकावरून. तो वाढवायचा तर कॅथोडची पातळी खाली न्यायला हवी. सल्फाइडमध्ये ती फार खाली नेता येत नाही, कारण एका मर्यादेनंतर धातूऐवजी गंधकच इलेक्ट्रॉन सोडू लागतं. ऑक्सिजनची पातळी गंधकापेक्षा बरीच खाली आहे. मग ऑक्साइड का घेऊ नये? या तर्कातून 1980 मध्ये कोइची मिझुशिमा आणि इतर सहकाऱ्यांबरोबर लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आलं, व्होल्टेज थेट 4 च्या घरात. शिवाय लिथियम आधीच कॅथोडमध्ये असल्यामुळे बॅटरी डिस्चार्ज अवस्थेतच जुळवता येते आणि अ‍ॅनोडला, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडला, धातुरूप लिथियम लागत नाही. ऑक्सफर्डने पेटंटमध्ये रस घेतला नाही, हक्क हारवेलच्या अणुऊर्जा संशोधन संस्थेकडे गेले आणि गुडइनफ यांना त्यातून रॉयल्टी मिळाली नाही. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी कार्बनचा अ‍ॅनोड जोडला आणि 1991 मध्ये सोनीने बॅटरी बाजारात आणली.

पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात देखणं काम कोबाल्टचं नाही, लोखंडाचं आहे. लोखंड स्वस्त आणि मुबलक, पण साध्या ऑक्साइडमध्ये त्याचं व्होल्टेज कमी पडतं. आयआयटी मद्रासमधून पीएचडी केलेले अरुमुगम मंथिराम 1980 च्या दशकात त्यांच्याबरोबर होते. दोघांनी एकाच रचनेचे लोखंडी क्षार घेतले, एकात मॉलिब्डेट (मॉलिब्डेनम आणि ऑक्सिजन), दुसऱ्यात सल्फेट (गंधक आणि ऑक्सिजन). लोखंड तेच, चौकट तीच, तरी मॉलिब्डेटमध्ये 3.0 व्होल्ट मिळाले आणि सल्फेटमध्ये 3.6! गंधक ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे जोरात ओढतं, त्यामुळे लोखंड-ऑक्सिजन बंध सैलावतो आणि लोखंडाची पातळी खाली उतरते. लोखंडाचं व्होल्टेज त्याला थेट न चिकटलेला अणू ठरवतो, हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते. यात प्रयोग करणारे हात रसायनशास्त्राचे असले तरी प्रश्न विचारणारं डोकं भौतिकशास्त्राचं आहे.

याच विचारातून पुढे टेक्सासमध्ये फॉस्फेटकडे वळून 1997 मध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट आलं, म्हणजे आज घरच्या इन्व्हर्टरच्या किंवा ई-रिक्षाच्या बॅटरीवर ज्याला ‘एलएफपी’ म्हणतात ते. फॉस्फरस-ऑक्सिजन बंध इतका पक्का असतो की तापल्यावरही ऑक्सिजन सहजासहजी सुटत नाही, म्हणून आगीचा धोका बराच कमी. याचा कॉइन सेल (नाण्याएवढी छोटी बॅटरी) चार्जिंगला लावला की स्क्रीनवरची रेघ 3.4 व्होल्टजवळ चढते आणि मग जवळजवळ शेवटपर्यंत सपाट धावते, कारण आत लिथियम असलेला आणि नसलेला अशा पदार्थाच्या दोन वेगळ्या प्रावस्था (फेज) शेजारी शेजारी नांदत असतात. मोठी उणीव म्हणजे हा पदार्थ वीज फार कमी वाहून नेतो. म्हणून कणांवर कार्बनचा पातळ थर द्यावा लागतो. ती युक्ती नंतर इतरांनी शोधली.

नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ 97 वर्षांचे होते आणि स्टॉकहोममध्ये त्यांचं व्याख्यान मंथिराम यांनी दिलं. मूळ कामच वाचायचं असेल तर पाधी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांचा 1997 चा शोधनिबंध घ्या. बीएस्सीच्या विद्यार्थ्यालाही त्यातलं बरंच समजेल, अडलं तर खाली विचारा.