गिझर ५८ दाखवतो आणि पाणी गार? आधी सेन्सर तपासा

ताई, खानापूरच्या घरातला गिझर सकाळी पडद्यावर ५८ अंश दाखवतो, नळाला मात्र गार पाणी येतं, आणि मेस्त्री म्हणतो बोर्डच (गिझर चालवणारं सर्किट) बदला. बोर्डाचे पैसे देऊ नका अजून. आधी सेन्सर बघून घ्या.

डिजिटल गिझरमध्ये तापमान मोजायला बहुतेक वेळा एनटीसी सेन्सर असतो. पाणी तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) उतरतो आणि बोर्ड त्यावरूनच तापमान ठरवतो. सेन्सरच्या डोक्यात किंवा कनेक्टरमध्ये ओल शिरली की करंटला आडवाट मिळते आणि रेझिस्टन्स घटतो. बोर्डाला वाटतं, पाणी तापलंय. मग तो कॉइल चालूच करत नाही. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतंय. वायर तुटली असती तर एरर आली असती, नाहीतर भलताच कमी आकडा दिसला असता.

शहापुरात आमच्याकडेही असंच झालं होतं. आम्ही नवा बोर्ड बसवला, आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी कनेक्टर उपसला तर पिना हिरव्या पडलेल्या. तुमच्याकडे तर पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात, त्यामुळे मी पहिल्यांदा तिथेच बघेन.

एमसीबी पाडा. झाकण काढल्यावर टेस्टरने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तपासा, मगच हात घाला. वायरिंगची सवय नसेल तर हे काम मेस्त्रीकडूनच करून घ्या, पण तुम्ही शेजारी उभ्या राहा. सेन्सरचा कनेक्टर बोर्डावरून काढून मल्टिमीटर २० किलोओमवर (रेझिस्टन्स ओममध्ये मोजतात) लावायचा. दहा किलोओमचा सेन्सर असेल तर २५ अंशाला १० च्या आसपास आकडा यायला हवा. मग डोकं कोमट पाण्यात बुडवा: ४० अंशाला साधारण ५.३, ५० ला ३.६. आकडा सावकाश, एकसारखा उतरला तर सेन्सर ठीक. पिना पुसून, वाळवून पुन्हा जोडा. गार असतानाच दोन-तीन किलोओम दाखवला तर सेन्सर गेला. काही गिझरमध्ये ५० किंवा १०० किलोओमचेही असतात, म्हणून दुकानात जाताना जुना सेन्सर आणि गिझरचा मॉडेल नंबर सोबत न्या. अंदाजाने आणलेला सेन्सर चुकीचं तापमान दाखवेल.

बसवताना डोकं खोबणीत पूर्ण आत गेलंय ना, हे स्वतः बघा. ते बाहेर सरकलेलं राहिलं तर पाण्यापेक्षा कमी तापमान वाचतं आणि कॉइल तापतच राहते. अशा वेळी वाचवतो तो वेगळा थर्मल कटआउट, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा स्विच. तो सारखा पडतोय म्हणून काही मेस्त्री वायर जोडून त्याला बगल देतात. कृपा करून हे कुणाला करू देऊ नका. घरात म्हातारी माणसं अंघोळीला जातात, आणि टाकीत दाब वाढला तर ती फुटूही शकते.

बोअरचं पाणी असेल तर मेस्त्रीकडून टाकी उघडून कॉइलवरचा क्षारही काढून घ्या.

गार आणि कोमट पाण्यातले दोन्ही आकडे मला कळवा, मग बोर्डाचं बघू.